कंधारपूर, शके ८८१

घरून निघताना डब्यातला ठेचा काढून ठेवा. भाकरी राहू द्या. आपण जिथं निघालो आहोत तिथं ज्वारी आहे. तूर आहे, तीळ-जवस आहे, करडईचं तेल आहे, ताक तर मागाल तेवढं. पण मिरची नाही. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या धक्क्याला लागायला अजून साडेपाचशे वर्षं आहेत. शेंगदाण्याची चटणी विसरा, बटाट्याची भाजी विसरा, उपासाचा साबुदाणाही विसरा. ही सगळी मंडळी या घडीला समुद्रापलीकडे, दक्षिण अमेरिकेच्या मातीत आहेत. नांदेड-लातूरच्या माणसाला मिरचीशिवाय घास उतरत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलं. मिऱ्याची पूड मिळेल, तेवढ्यावर भागवा.

लातूरहून येत असाल तर अष्टामोड, चाकूर, अहमदपूर करत लोह्यापर्यंत या. नांदेडहून असाल तर सोनखेडवरून लोहा. तिथून आत वळलं की कंधार. नाव घेतलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं अफगाणिस्तान उभं राहतं. डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण झालेलं विमान तिकडच्या कंदाहारला उतरलं, तेव्हापासून तर 'नाही हो, आमचं नांदेड जिल्ह्यातलं' हे वाक्य कंधारकरांच्या ओठावर बसलेलं असतं. हा घोटाळा जुनाच. मोगलांनीही तो टाळण्यासाठी आपल्या गावाला 'तेलंगणातलं कंधार' म्हणून ठेवलं होतं.

किल्ला भुईकोट आहे. डोंगर चढायचा नाही, धाप लागायची नाही. सपाटीवरच्या किल्ल्याला डोंगराऐवजी पाणी राखतं, म्हणून भोवती खंदक. तो ओलांडताना क्षणभर थांबून खाली बघा. हिरवट पाणी, त्यावर तटाची थरथरती सावली. घड्याळ खिशात टाका. इथून पुढं वर्षं पावलांनी मोजायची आहेत, आणि तीही उलटी.

पहिल्या काही पावलांत निजामाचा अंमल आहे. तो १७ सप्टेंबर १९४८ ला संपला हे तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. पण आपण मागं चाललोय, म्हणून तो तुमच्यासमोर सव्वादोनशे वर्षं सुरूच राहतो. मग मोगल. १६३१ साली शाहजहानच्या नसिरी खानानं हा किल्ला घेतला. दारूचा धूर आहे, नाकाला रुमाल लावा. त्याच्या आत निजामशाही, मलिक अंबरची माणसं. त्याच्याही आत बहमनी. उलटं चालताना तट बारीक होत जातो. तोफांसाठी फुगवलेले बुरूज एकेक करून उतरतात, महालांच्या कमानी पापण्यांसारख्या मिटतात. गावातला हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा, जिथं आजही उरूस भरतो, तोही दिसेनासा होतो. देवगिरीचे यादव गेले. कल्याणीचे चालुक्य गेले. शेवटी हाताशी उरतो तो काळा दगड, कालच फोडल्यासारखा, छिन्नीची पांढरी रेघ अजून न पुसलेला.

तुम्ही शके ८८१ मध्ये आहात. इसवी सनात ९५९. आश्विन महिना, पाऊस नुकता ओसरलाय.

आधी कान बसतात. हॉर्न नाही, भोंगा नाही, मोटारीची घरघर नाही. त्या जागी बैलांच्या गळ्यातल्या घाटा, कुठंतरी दगडावर पडणारे टाके, आणि माणसांचं बोलणं. रस्त्यावरची पहिली हाक ऐकून तुम्ही चपापता. 'अक्का!' फुलांची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई वळून बघते. तुमच्या घरी थोरल्या बहिणीला याच नावानं हाक मारतात, आणि हा शब्द कन्नड आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. अण्णाही तिकडूनच आला आणि तूपही. राजदरबारची भाषा संस्कृत आणि कन्नड. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारात शंभरेक वर्षांपूर्वी रचलेल्या 'कविराजमार्गा'नं कन्नड मुलुखाची हद्दच सांगून टाकली आहे: कावेरीपासून गोदावरीपर्यंत. गोदावरी इथून वर, नांदेडला. म्हणजे त्या हिशेबानं तुम्ही या क्षणी कन्नड देशात उभे आहात. पण बाजारात कान द्या. धान्य मोजणारा जे बोलतोय त्यातलं निम्मं तुम्हाला आपोआप कळतंय. वाक्याचा शेवट निसटतो, मधले शब्द मात्र ओळखीचे. तुमची भाषा अजून पाळण्यात आहे, पण तिचं रडणं ओळखू येतं.

याच वर्षी इथून दूर दक्षिणेला, राजधानी मान्यखेटात, पुष्पदंत नावाचा एक कवी भरत नावाच्या मंत्र्याच्या घरी बसून 'महापुराण' रचायला घेतोय, आणि तेही अपभ्रंशात. संस्कृत सोडून त्यानं ही भाषा का निवडली असेल, ते या बाजारात पाच मिनिटं उभं राहिलं की समजतं.

राजा कुठं आहे, असं कुणाला विचारू नका. परका माणूस राजाची चौकशी करतोय म्हटल्यावर भालेवाले येतील. मीच सांगतो. राजा बाहेरगावी असतो. तिसरा कृष्ण, राष्ट्रकूटांचा शेवटचा मोठा माणूस, ९३९ साली गादीवर आला आणि दहा वर्षांनी तक्कोलमच्या लढाईत त्यानं चोळांना लोळवलं. त्यात चोळ राजपुत्र राजादित्य हत्तीवर बसलेला असतानाच मारला गेला. यंदा मार्चमध्ये कृष्णाचा मुक्काम मेलपाटीला, आजच्या तमिळ मुलुखात होता. जिंकलेले प्रांत आपल्या माणसांना वाटून द्यायचे, मांडलिकांची खंडणी गोळा करायची आणि देवळं बांधायची, अशी तिथली कामं. हे सगळं त्यानं तिथूनच दिलेल्या एका ताम्रपटात लिहिलंय आणि तो ताम्रपट सापडला आपल्या कराडला. म्हणजे हुकूम सुटला तमिळ देशात, पोचला कृष्णाकाठी, आणि हुकूम देणाऱ्याचं एक बिरुद होतं 'कंधारपुरवराधीश्वर'. कंधार या श्रेष्ठ नगराचा स्वामी. कांची आणि तंजावर घेतल्याची बिरुदं जवळ असताना त्यानं मन्याडकाठचं हे गाव नावापुढं लावलं.

इथं जरा थांबून तुमचं एक देणं फेडतो. वेरूळचं कैलास लेणं याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णानं कोरून घेतलं, हे तुम्ही सहलीला गेलात तेव्हा वाटाड्यानं सांगितलं असेल. त्या घराण्याचं मूळ गाव कोणतं, हे बहुतेक सांगितलं नसेल. अमोघवर्षाचे ८६६ सालचे लेख त्याला 'लट्टलूरपुरा'चा स्वामी म्हणतात. लट्टलूर म्हणजे लातूर. नववं शतक चालू असताना सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या वृत्तान्तात जगातल्या चार थोर राजांमध्ये बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या जोडीला 'बल्हरा' येतो. बल्हरा म्हणजे वल्लभराज, म्हणजे हेच. आम्ही मराठवाड्यातली माणसं आमचा इतिहास रझाकारांपासून सुरू करतो आणि फार मागं गेलोच तर तुघलकाच्या दौलताबादेपाशी थांबतो. त्याच्या मागं काही होतं याची आम्हाला कुणी सवयच लावली नाही. लातूर म्हटलं की शिकवण्यांचे वर्ग, भूकंप आणि टंचाई. गावाच्या नावावर सम्राट मिरवत होते हे सांगितलं तर माणसं हसतात.

चला, बाजार मागं टाका. उताराच्या उलट बाजूनं चढ लागतो. चढ म्हणजे मातीची पाळ आहे. वर पोचलात की वारा एकदम बदलतो. समोर पाणी.

नुसतं पाणी म्हणू नका. याचं नाव जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद होतं आणि तिसऱ्या कृष्णाच्या आजोबांचं तर तेच नाव होतं. तळ्याला यातल्या कुणाचं नाव लागलं यावर विद्वानांना वाद घालू द्या, तुम्ही पायरीवर बसा. पाय पाण्यात सोडा. आश्विनातलं पाणी, वरून ऊन पडलेलं आणि खाली गार. पलीकडच्या काठावर धोब्याचा आपटण्याचा आवाज आधी दिसतो आणि मग ऐकू येतो, एवढं अंतर. एक पोरगं म्हशीच्या पाठीवर पालथं पडून मधे चाललंय.

समुद्र हे नाव अडाणीपणातून आलेलं नाही. या लोकांच्या फौजा खऱ्या समुद्रापर्यंत जाऊन आल्या होत्या. खारं पाणी त्यांनी पाहिलं होतं. तरीही परत येऊन त्यांनी तळ्यालाच समुद्र म्हटलं, कारण मन्याडच्या काठी ज्याची किंमत आहे ते हे गोड पाणी. इथल्या नद्या हिमालयातून येत नाहीत. पावसाळ्यात त्या दोन दिवस अंगावर येतात आणि वैशाखात पात्रात वाळू उरते. पावसाचे चार महिने पुढच्या आठ महिन्यांना पुरवायचे, एवढंच या मुलखातल्या राज्यकारभाराचं गणित. पाणी अडवायला पाळ, जास्त झालं तर सोडायला सांडवा, गाळ उपसायला माणसं, आणि त्या माणसांना पोसायला जमीन. हत्तींचं दळ दिसायला झकास दिसतं, पण नगर वसतं ते या पाळेवर.

आता डोळे मिटा आणि फार नाही, एक हजार सत्तावन्न वर्षं पुढं जाऊन या. १२ एप्रिल २०१६ ची पहाट, लातूर स्टेशन. मिरजेहून पाण्याची रेल्वे आलीय. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या घरात पाणी. फलाटावर कॅमेरे, पुढारी, हार. त्या उन्हाळ्यात लातूरमधल्या घरोघरी पिंपावर कुलूप होतं आणि टँकरच्या रांगेत भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. लट्टलूरपुरवरेश्वरांच्या गावाला साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी. उघडा डोळे. म्हशीवरचं पोरगं पलीकडे पोचलंय.

पाळेवरून उतरताना तुम्हाला गर्दीचा लोंढा एका दिशेनं जाताना दिसेल. त्यात मिसळा. टोपल्यांत झेंडू शोधू नका. तोही अजून पलीकडच्या खंडात आहे. कण्हेर आहे, कमळं आहेत, जास्वंद आहे. लोंढा ज्या बाजूला चाललाय ती जागा पुढं मानसपुरी म्हणून ओळखली जाईल. झाडांच्या शेंड्यांवर काहीतरी दिसतं. आधी वाटतं, देवळाचं शिखर. आणखी जवळ गेल्यावर कळतं की शिखराला खांदे आहेत.

क्षेत्रपाल. या नगराचा राखणदार.

मान वर करा. आणखी वर. आजच्या हिशेबानं पन्नास फुटांच्या आसपास, म्हणजे पाचमजली घर उभं राहून तुमच्याकडे बघतंय. सूर्य नेमका डोक्यामागं असल्यामुळे चेहरा काळ्या सावलीत बुडालेला आहे आणि कडेनं तेवढी सोन्याची रेघ. चेहरा बघायचा नाद सोडा, इथं आलेली माणसंही तो बघत नाहीत. ती पावलाशी थांबतात. पाऊल म्हणजे एक ओटाच. म्हातारी बाई अंगठ्याच्या नखाला तेल लावतेय आणि नख तिच्या तळहाताहून मोठं आहे. एका बापानं तान्ह्या पोराला बोटांच्या खाचेत ठेवलंय, पोर निवांत झोपलंय. मुंग्यांनी माणसाच्या पायाशी जमावं तशी ही माणसं दिसतात. फक्त इथं मुंग्यांनीच तो पाय घडवला आहे.

एवढी मोठी मूर्ती कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात येणारच, कारण तुम्ही उंच पुतळ्यांच्या जाहिराती पाहिलेल्या काळातून आला आहात. मी त्याचं उत्तर भक्ती असं देणार नाही. नगराकडे येणाऱ्या व्यापाऱ्यानं, दूतानं, शत्रूच्या हेरानं दोन कोसांवरूनच ओळखावं की पुढं कोण राहतं, त्याची ही पाटी. ही हौस संसर्गजन्य होती. राष्ट्रकूटांचे मांडलिक जे गंग, त्यांच्या चामुंडराय नावाच्या मंत्र्यानं यानंतर वीस-बावीस वर्षांत श्रवणबेळगोळला सत्तावन्न फुटी गोमटेश्वर उभा केला. तो अजून उभा आहे आणि त्याच्या पायाशी मराठी अक्षरंही कोरलेली आहेत.

आणि याच दिवशी, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, जिथं तुमची मिरची आणि बटाटा आहे तिकडे, अँडीज पर्वताच्या साडेबारा हजार फुटांवरच्या पठारावर तिवानाकू नावाचं नगर नांदतंय. तेही एका मोठ्या तळ्याच्या, टिटिकाकाच्या आसऱ्यानं. तिथंही उभ्या दगडात कोरलेली अगडबंब माणसं आहेत. त्यातली एक चोवीस फुटी मूर्ती १९३२ मध्ये जमिनीतून निघाली, ला पाझ शहरात नेली गेली आणि २००२ मध्ये पुन्हा मूळ गावी परत आली. तिकडचे लोक शेताभोवती पाण्याचे चर खणून रात्रीच्या हिमापासून बटाटा राखतात. दोन्ही नगरांना एकमेकांचा पत्ता नाही. दोघांनाही वाटतंय की पाणी आपल्या हातात आहे आणि दगड कायमचा आहे. तिवानाकू इसवी सन हजारच्या सुमारास ओस पडत गेलं. इकडं कंधारपुराला तेवढीही मुदत नाही.

ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हातारीला माहीत नाही. तिला सांगू नका. तेल लावून होऊ द्या.

परत फिरा, आणि आता पावलं सरळ टाका. ९६७, तिसरा कृष्ण गेला. ९७२, माळव्याचा परमार सीयक मान्यखेटावर चालून आला आणि त्यानं ते लुटलं. त्या लुटीची नोंद एका अजब जागी सापडते: धनपाल नावाच्या पंडितानं धारानगरीत आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, प्राकृत शब्दांचा एक कोश रचला आणि तो कधी रचला हे सांगताना लिहून ठेवलं की माळव्याच्या राजानं मान्यखेड लुटलं त्या वर्षी. एका घरात साम्राज्य बुडालं, दुसऱ्या घरात भाऊ बहिणीसाठी शब्द गोळा करत होता. ९७३, चालुक्य तैलपानं राष्ट्रकूटांचं राज्यच संपवलं. आता पावलं भराभर टाका. यादव, बहमनी, मलिक अंबर, नसिरी खान, निजाम. तट पुन्हा जाड होतोय, बुरूज पुन्हा फुगतायत. मूर्तीकडे मागं वळून बघू नका. खंदकाचा पूल, घाणेरीची झुडपं, आणि हॉर्न.

पाच वाजत आलेत. किल्ल्यात आता चाफा, घाणेरी आणि भिंतींना टेकवून ठेवलेल्या मूर्ती आहेत. कुणाचं नाक गेलंय, कुणाचा हात. महालाच्या सावलीत शेळ्या राखणारा पोरगा तुमच्याकडं जरा वेळ बघतो आणि विचारतो, "कुठून आलाव, सर? पाय बघिटलाव का? लई मोठा हाय." त्याला हो म्हणा. तुम्ही तो पाय तेल लावलेला पाहून आलात हे सांगायचा मोह आवरा.

मानसपुरीला त्या राखणदाराचे दगडी तुकडे सापडले. पाऊल आहे, बोटं आहेत, त्यांवर नखं अजून कोरीव आहेत. पन्नास फुटांचा अंदाज अभ्यासकांनी या तुकड्यांवरूनच बांधला. तळंही आहे. राजे गेले, मूर्ती मोडली, भाषा बदलली, गावाच्या नावातला 'पूर' गळाला. पाळ मात्र टिकली आणि लोक त्या पाण्याला आजही जगत्तुंग समुद्र म्हणतात. हजार वर्षांत कुणी त्याचं तळं केलं नाही.

बहुतेक लोक आधी किल्ला बघतात, दोन-चार सेल्फी काढतात आणि ऊन झालं म्हणून परततात. तुम्ही क्रम बदला. आधी तळ्याच्या पाळेवर जा, मग मानसपुरीला, आणि किल्ला शेवटी. श्रावण ते कार्तिक या दिवसांत या, पाणी असतं. मुलांना सोबत आणा आणि त्यांना त्या पावलाच्या अंगठ्याशेजारी आपला तळहात ठेवायला सांगा. ठेचा आता खायला हरकत नाही.